आचाऱ्याचा उजवा पाय आणि चार डिस्का

लिफ्ट अडकली की लिफ्टअण्णा सगळ्यात आधी घंटा बंद करत. इतर मेकॅनिक धापा टाकत जिने चढायचे, दोर बघायचे, मोटर चाचपायचे. अण्णा मात्र सावकाश पेटीपाशी जात आणि त्या कोकलणाऱ्या घंटेची तार उपसून ठेवत. त्यांचं म्हणणं असं, की आतल्या माणसाचा अर्धा जीव लिफ्ट अडकल्याने जातो आणि उरलेला अर्धा घंटेने. घंटा थांबली की माणूस जरा भानावर येतो, आणि भानावर आलेल्या माणसाशी बोलता येतं. मग दाराच्या फटीला तोंड लावून ते विचारत, "आत कोण कोण आहात? आणि कुठे कुठे उभे आहात?" हे दोन्ही नीट कळल्याशिवाय सगळ्या नोकरीत त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही.

एकदा एका उंच इमारतीत त्यांनी असंच विचारलं. आतून भारदस्त आवाज आला, "मी दातांचा डॉक्टर. लवकर काढा मला."

"आणखी कोण?"

मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "मी यांचा पेशंट. खुर्चीवरून उठून पळालो होतो. तुमचं सावकाश चालू द्या, मला घाई नाही."

अण्णांनी लिफ्ट खालच्या मजल्याशी आणली, दार हातभर उघडलं आणि आधी पेशंटला बाहेर घेतलं. तो जिन्यावरून जो सुटला, तो म्हणे अजून त्याच दाढेने जेवतो आहे.

तर असे हे अण्णा नोकरीतून मोकळे झाले आणि घरच्यांचे हाल सुरू झाले. हाताला सवय उघडायची, आणि घरात लिफ्ट नाही. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं, शिलाई मशीन उघडलं, मिक्सर उघडला. हे सगळं परत लावलं आणि सगळं चाललंही, पण प्रत्येक वेळी एखादा स्क्रू टेबलावर उरायचाच. बायको तो उचलून डब्यात टाकत म्हणायची, "अहो, आता या घरात माझंच झाकण तेवढं उघडायचं राहिलंय. तेवढं राहू द्या."

त्यांची सून बूट करते. मुलगा दूर पुलांच्या कामावर असतो, अधूनमधून घरी येतो. घरातला खरा उद्योग सुनेचा. रस्त्याकडच्या खोलीत तिचं काम चालतं. चामड्याचा आणि सरसाचा वास, खिडकीखाली तासायचा दगड, भिंतीला टांगलेल्या कातऱ्या. पण तिचे बूट दुकानात मिळणारे नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यासारखा नाही, अशांसाठी ती बूट करते. कुणाचा पाय आखूड, कुणाचा वाकडा, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली. अशा माणसाचा पाय आधी प्लास्टरमध्ये घ्यायचा, त्यावरून लाकडी साचा कोरायचा, आणि साच्यावर बूट चढवायचा. साच्याचं लाकूड महाग, म्हणून काम झालं की तेच लाकूड तासून पुढच्या पायाला वापरायचं. प्लास्टरचे पाय मात्र जपून ठेवायचे, कारण माणूस दोन-तीन वर्षांनी पुन्हा बूट करायला येतोच.

तिची एक खोड होती. एक पाय पूर्ण झाल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नसे. डाव्याचा बूट शिवून, घासून, नाडी ओवून फळीवर गेला, की मगच उजव्याचं माप बाहेर यायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, दोन्ही साचे एकदमच कोरून टाक की. माणूस काय एका पायाने चालणार आहे?"

"आई, दोन्ही समोर असले की हात नकळत एकाला दुसऱ्यासारखं करायला जातो. आणि माझ्याकडे येणाऱ्याचे पाय सारखे नसतात म्हणूनच तर तो येतो."

मग सासूबाई पायांच्या नावाने बोटं मोडायच्या. कारण पाय घरभर झाले होते. कपाटावर पाय, पलंगाखाली पाय. डाळीचा डबा काढायला हात घालावा तर हाती कुणाचा तरी अंगठा यायचा.

अण्णांच्या डोक्यात चक्र फिरायला एवढं निमित्त पुरे होतं. पायाभोवती हातात धरून फिरवायचं एक यंत्र सुनेने आणलं होतं. ते पायाचा आकार जसाच्या तसा संगणकात उतरवतं, आणि संगणकातून तो कोरायच्या मशीनकडे धाडता येतो. अण्णा म्हणाले, "मग प्लास्टर कशाला ठेवायचं? सगळे पाय संगणकात घाल. संगणक मी बांधतो."

आणि त्यांनी तो बांधला. जुन्या बाजारातून एक पत्र्याचा पिंजरा आणला आणि त्यात चार डिस्का एकावर एक बसवल्या. अशा मांडणीला रेड म्हणतात. त्यात एक डिस्क मेली तरी काहीच जात नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते कसं होतं हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागलं नव्हतं. कळलं तेव्हा ते घास तसाच ठेवून उठले.

"हे बघ," ते बायकोला म्हणाले, "लिफ्टमध्ये तिघं जण आहेत. प्रत्येकाला आपापलं वजन ठाऊक आहे. चौथ्या माणसाकडे आपण फक्त तिघांच्या वजनाची बेरीज दिली. आता तिघांतला एक गायब झाला, तर काय करायचं? बेरजेतून उरलेल्या दोघांची वजनं वजा करायची. गायब झालेल्याचं वजन सापडलं! बेरीजवाला पळाला तरी हरकत नाही, तिघं आहेतच. डिस्कांचं असंच आहे. तिघींकडे माल, एकीकडे हिशेब."

"आणि दोघं एकदम पळाले तर?"

"दोघं एकदम कसे पळतील?"

"मला काय ठाऊक! माझ्या भावाच्या लग्नात आचारी आणि त्याचा मदतनीस एकदमच पळाले होते."

अण्णा हसले आणि त्यांनी ते कानाआड केलं. त्यांच्याच शब्दावर सुनेने घरातला एकेक पाय संगणकात उतरवला. पहिला मान एका जहाजावरच्या आचाऱ्याच्या पायांना मिळाला, कारण त्याचं प्लास्टर टाचेपाशी भुगा व्हायला लागलं होतं. सगळं उतरवून झाल्यावर शेजारच्या रोपवाल्या बाई आल्या, टोपल्या भरभरून पाय घेऊन गेल्या आणि त्यांनी आपल्या वाफ्यांना त्या पायांच्या कडा केल्या. सासूबाईंचा डाळीचा डबा मोकळा झाला.

पुढे एक दिवस पिंजरा वाजायला लागला. त्याला एक चिमुकला भोंगा होता, अण्णांनाही तो तोवर माहीत नव्हता. टीं टीं टीं, न थांबता. सून तेव्हा चामड्याची कड तासत होती. त्या कामात पातं केसभर घसरलं की तुकडा फुकट जातो. अण्णा आले, त्यांनी पिंजऱ्याला कान लावला, मग भोंग्याची तार उपसली. संगणक चालू करून पाहिला तर सगळं जागच्या जागी. एकेक पाय उघडून पाहिला, सगळे ठीक. "उगाच ओरडत होता," ते म्हणाले. माणसं आत सुखरूप, लिफ्ट चालू, घंटा बंद. आणखी काय बघायचं?

मग कधीतरी समुद्रावरून आचाऱ्याचा फोन आला. त्याचा फोन आला की आधी भांड्यांचा आवाज यायचा, मग तो. माणूस मोठा गमत्या. लहानपणीच्या दुखण्याने त्याचा उजवा पाय आखूड आणि आतल्या बाजूला वळलेला राहिला होता, आणि दिवसभर हलत्या जमिनीवर उभं राहून तो सगळ्या जहाजाला जेवू घालायचा.

"ताई, तुमच्या बुटांनी राम म्हटला," तो ओरडला. "उजव्याचा तळ दोन ठिकाणी फाटलाय. सध्या सपाता घालून उभा आहे. एक फायदा आहे, जहाज डावीकडे वर आणि उजवीकडे खाली... छे, उलटं. उजवीकडे वर कललं की मी अगदी सरळ उभा राहतो आणि बाकी सगळे वाकडे! पण ते परत दुसरीकडे कलतं हो. गुडघा फार दुखतो. काल डाळीचं अख्खं पातेलं घेऊन मी आडवा झालो."

"भाजलं नाही ना?"

"मला नाही. वायरमनच्या बुटात गेली. तोच आता सुट्टीवर उतरतोय, तुमच्याच गावात त्याची बहीण राहते. परत येताना त्याच्याकडे बूट द्या. बुटांचं तो विसरणार नाही."

जहाज त्यानंतर कित्येक महिने या किनाऱ्याला लागणार नव्हतं. म्हणजे बूट गेले तर वायरमनबरोबरच, नाहीतर आचारी पाऊसपाण्यात आणि तेलकट फरशीवर सपातांत. सुनेने हातातली कामं बाजूला सारली. डाव्याचा साचा कोरला. घोट्यापाशी तो जरा सैल हवा म्हणून संगणकात त्याचा आकार थोडा बदलला. बूट शिवला, घासला, नाडी ओवली, फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुसत ती उजव्याचा आकार उघडायला बसली, आणि पडद्यावर पायाऐवजी काळ्यावर पांढरी एक ओळ आली. दोन डिस्का सापडत नाहीत.

"मामंजी!"

तिच्या हाकेतच काहीतरी होतं. अण्णा चहाचा कप हातात घेऊनच आले, आणि ओळ वाचून त्यांनी तो चुकून भोंग्याच्या तारेवर ठेवला.

त्यांनी संगणक बंद करून पुन्हा लावला. या वेळी पिंजऱ्यातली एक डिस्क जागी झाली आणि पडद्यावर नवा प्रश्न आला. जुनी डिस्क मिळाली आहे, पुन्हा बांधणी सुरू करू का? हो की नाही?

"हो म्हणा ना," सून म्हणाली. "मिळाली म्हणतोय तर."

अण्णांचं बोट बटणावर गेलं. दाबायला कितीसा वेळ लागतो? पण बोट तिथेच राहिलं. जुनी म्हणजे कोणती जुनी? कधीपासूनची? आणि बांधणी करायची म्हणजे कुणाच्या मापाने? अण्णा खाली वाकले आणि त्या पत्र्याच्या पिंजऱ्याला तोंड लावून अगदी हळू म्हणाले, "आत कोण कोण आहात? आणि कुठे उभे आहात?"

सासूबाई दारातून बघत होत्या. "गेलं," त्या सुनेला म्हणाल्या. "यांचंही आज गेलं."

पण अण्णांनी बोट मागे घेतलं, संगणकाची वायरच काढली आणि पिंजरा चादरीत गुंडाळून ते सुनेला घेऊन निघाले.

चाव्या करणाऱ्याच्या आणि कपडे धुणाऱ्याच्या दुकानांमध्ये एक चिंचोळी जागा होती. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे डिस्कताई म्हणत. वय सुनेएवढंच. लोकांच्या बिघडलेल्या डिस्कांतून फोटो, हिशेब, अर्धवट लिहिलेले प्रबंध असं काय काय बाहेर काढणं हा तिचा धंदा. तिने आधी चारही डिस्कांवर खडूने खुणा केल्या, मग एकेक फिरवून कानाशी धरली. अण्णा बघतच राहिले. मोटरला असाच कान लावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"काय ऐकू येतं?" त्यांना राहवेना.

"ही बरी. ही पण बरी. ही ऐका." तिने तिसरी त्यांच्या कानाशी नेली. आत काहीतरी मधूनच खरवडल्यासारखं होत होतं.

"घोरतेय."

"घोरतेय," ती हसली. "आणि ही चौथी. हिला तसं काही झालेलं नाही, अधूनमधून झोपते एवढंच. बटण दाबलंत का तुम्ही? पुन्हा बांधणी वगैरे?"

"नाही."

"खरं सांगा. सगळेच दाबतात, मी रागावत नाही."

"अहो, नाही दाबलं. आत कोण कुठे उभं आहे तेच ठाऊक नव्हतं."

डिस्कताईने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि ते काय म्हणतायत हे त्यांना पुन्हा सांगायला लावलं. अण्णांनी लिफ्ट सांगितली, दातांचा डॉक्टर सांगितला, पेशंट सांगितला. दुकानाबाहेर कपडे धुणारा इस्त्री हातात धरून ऐकत उभा राहिला.

मग तिने चारही डिस्का यंत्राला लावल्या. "प्रत्येक डिस्क आपण शेवटचं कधी लिहिलं ते स्वतःपाशी ठेवते," ती म्हणाली. "म्हणजे चार घड्याळं म्हणा. ही दोन बरोबर चाललीत. घोरणारीचं काल संध्याकाळी थांबलंय, म्हणजे ती अगदी आत्ता पडली. आणि झोपणारी..." तिने पडद्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "हिचं मागच्या उन्हाळ्यातच थांबलंय. तुमची रेड तेव्हापासून तीन पायांवर चालतेय. काही वाजलं नव्हतं का?"

"वाजलं होतं."

"मग?"

"मग मी बंद केलं," अण्णा म्हणाले.

डिस्कताई खो खो हसत सुटली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, तुम्ही त्या बटणाला हो म्हणाला असता, तर मशीनने ही मागच्या उन्हाळ्यातली डिस्क खरी धरली असती. तिच्याकडची जुनी वजनं आणि बाकीच्यांची नवी, यांची बेरीज मारून त्याने सगळ्यांवर नवंच काहीतरी लिहिलं असतं. मग देवालाही सापडलं नसतं. ते तुम्ही दाबलं नाहीत. आता आपण काय करायचं, तर घोरणारीची नक्कल काढायची, तिचा जीव आहे तोवर. दोन बऱ्या आणि तिसरी ही, की झाले तीन. झोपणारीला बाजूला ठेवू."

दोघं घरी निघाले. सून पिंजऱ्याची रिकामी चादर घडी घालत चालत होती.

"पोरी, तो भोंगा मी..."

"मामंजी, तो मीच बंद करायला सांगितला होता. तुम्हाला आठवत नाही? मी म्हटलं, डोकं उठलंय, आधी हे बंद करा, माझा हात हलतोय."

अण्णा रस्त्यात थांबले. "तू म्हणाली होतीस?"

"ओरडले होते."

"मग ते आत दुकानात का नाही बोललीस?"

"तुम्ही दातांच्या डॉक्टरात इतके रंगला होता, मध्ये कशाला बोलू?"

नक्कल काढणं म्हणजे फार सोशिकपणाचं काम. घोरणारी डिस्क थोडं वाचायची आणि अडायची, तिला थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा लावायचं. अण्णा रोज सकाळी दुकानात हजर. त्यांना सगळं बघायचं होतं. डिस्क अडली की तिला पुढे कसं नेतात? मागून का वाचतात? तबकडीवर नक्की काय असतं? डिस्कताईने शेवटी एक मेलेली डिस्क त्यांच्यापुढे ठेवली, "काका, ही उघडा, पण मला काम करू द्या." अण्णांनी ती उघडली. आत आरशासारखी तबकडी निघाली. तिच्यात त्यांनी आधी चष्मा पाहिला, मग मिशी सारखी केली, आणि दिवसभर ते तबकडी वाचणाऱ्या बारीक काट्याला हळूच हलवून बघत बसले.

सुनेला मात्र घरात बसवेना. ती रोपवाल्या बाईंच्या वाफ्यात जाऊन शोधत बसली. प्लास्टर एका पावसाळ्यात पार विरघळलं होतं. बोटं गेली होती, टाचा गेल्या होत्या, ओळीने नुसते पांढरे गोळे. त्यांतला आचारी कोणता आणि शाळेतल्या बाई कोणत्या, कुणी सांगावं?

"काही हरवलं का?" रोपवाल्या बाईंनी विचारलं.

"एक उजवा पाय."

"अगं, शेवंतीपाशी बघ. तिथे बरेच उजवे लावलेत."

वायरमनची सुट्टी संपत आली तेव्हा नक्कल पूर्ण झाली. डिस्कताईने दोन बऱ्या डिस्का आणि घोरणारीची नक्कल एकत्र जोडली, आणि पडद्यावर पायांची नावं भराभर उतरायला लागली. सुनेने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. शाळेतल्या बाईंचे पाय उघडले, ठीक. टपालवाल्याचे, ठीक. आचाऱ्याचा डावा, ठीक, घोट्यापाशी सैल केलेला तसाच. मग उजवा उघडला.

बोटं आली. वळलेली कड आली. उचललेली कमान आली. आणि टाचेच्या जागी काहीच नव्हतं. जणू कुणी चमच्याने उकरून घेतली होती.

"इथेच ती घोरत होती," डिस्कताई हळू म्हणाली. "हा तुकडा तिला वाचताच आला नाही."

सून खाली बसली. टाच अंदाजाने करता येत नाही. आखूड पायाचा सगळा भार टाचेवर येतो. ती गव्हाएवढी इकडची तिकडे झाली की गुडघा जातो, मग कंबर. हलत्या जहाजावर तर बोलायलाच नको.

अण्णा पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. त्या खळग्यात ते असे बघत होते जसे लिफ्टच्या विहिरीत बघत. "मला एक सांगा," ते म्हणाले, "त्या झोपणारीने मागच्या उन्हाळ्यात लिहिणं थांबवलं. पण त्याआधी लिहिलेलं तिने पुसलं तर नाही ना?"

"तेच मी विचारणार होते," डिस्कताई त्यांच्याकडे न बघता सुनेकडे वळली. "नीट आठवून सांगा. या पायाचं माप भोंग्याच्या आधी घेतलंत की नंतर?"

"आधी. सगळ्यात पहिलं हेच. त्याच्या प्लास्टरचा भुगा होत होता."

"आणि त्यानंतर? कधी उघडून काही बदललं? अगदी थोडं? डाव्यासारखं?"

सुनेने तोंडावर हात ठेवला. "नाही. डावा पूर्ण झाल्याशिवाय मी उजव्याला हातच लावत नाही."

"कधीच नाही?"

"हिची सासू रोज बोलते यावरून," अण्णा म्हणाले. "पण नाही म्हणजे नाही."

"मग त्या जागी झोपणारीचं घड्याळ मागे असलं तरी फरक पडत नाही," डिस्कताईची बोटं भराभर चालायला लागली. "त्या जागी तेव्हापासून काही बदललंच नाही. तिथे तिचं वजन आजही खरं आहे. सगळीकडे तिला घ्यायचं नाही, फक्त एवढ्या खड्ड्यापुरतं घ्यायचं."

चौथी डिस्क कोपऱ्यात कागदावर ठेवलेली होती. अण्णांनीच ती दोन्ही हातांनी उचलून दिली. ती लागली, फिरली, मध्ये एकदा झोपली, पुन्हा फिरली. शेजारचा कपडे धुणारासुद्धा दारात येऊन उभा होता. मग पडद्यावरचा पाय पुसला गेला आणि पुन्हा बोटांपासून यायला लागला. बोटं, कड, कमान. आणि टाच. गोल, जराशी डावीकडे झुकलेली, आणि तिच्या कडेला प्लास्टरचा भुगा झाल्याची ती बारीक चीरसुद्धा.

"हीच," सून म्हणाली आणि तिने पडद्यावरच्या टाचेवर बोट ठेवलं. "हीच चीर. ही मी साच्यात भरून घेणार होते."

त्या दिवशी उजव्याचा साचा कोरला गेला. बूट शिवून झाला तेव्हा वायरमन दारात येऊन बसलेला होता, आणि सासूबाई त्याला जेवू घालत डाळीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत होत्या. बुटांची जोडी काखेत मारून तो थेट बंदरावर गेला.

डिस्कताईच्या सांगण्यावरून सगळ्या पायांची आणखी एक नक्कल काढली, आणि ती दुसऱ्याच घरात ठेवायची असं ठरलं. ती रोपवाल्या बाईंकडे ठेवली. म्हणजे पाय पुन्हा एकदा त्यांच्याकडेच राहायला गेले, पण या वेळी कपाटात. भोंग्याची तारही अण्णांनी जोडली, इतकंच नव्हे तर ती लांबवून भोंगा थेट स्वयंपाकघरात आणून लावला.

"हे वाजलं तर मी काय करायचं?" बायकोने विचारलं. "आधी बंद करायचं, नाही का?"

"आधी मला हाक मारायची. मग बंद करायचं."

"आणि तुम्ही उघडून बसलेले असाल काहीतरी, तर?"

"तर दोनदा हाक मारायची."

बऱ्याच आठवड्यांनी फोनवर भांड्यांचा आवाज आला. "अण्णा, काय सांगू तुम्हाला," आचारी ओरडत होता, "आता माझी बाजूच राहिली नाही! जहाज कललं की सगळ्यांबरोबर मीही कलतो. पूर्वी निदान एका बाजूला तरी मी सरळ असायचो."

"गुडघा?"

"गुडघ्याची आठवणच नाही."

अण्णांना एवढ्यावर समाधान कुठलं! ते फोन दोन्ही हातांनी धरून पुढे वाकले. "आणि टाच? उजवी टाच कशी वाटते?"

"टाच?" पलीकडे भांडी थांबली. "टाचेचं काय? थांबा हं." बुटाचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा, मग आचारी बहुधा स्वयंपाकघरभर चालून आला. "काय विचारताय तेच कळत नाही अण्णा. तुम्ही म्हणालात तेव्हाच मला आठवलं की तिथे टाच आहे."

सून शेजारीच उभी होती. तिने अण्णांच्या हातून फोन काढून घेतला, म्हणाली, "बस, एवढंच ऐकायचं होतं," आणि चामडं तासायला परत गेली. अण्णा मात्र बायकोकडे वळून म्हणाले, "तुझ्या भावाच्या लग्नातला तो आचारी आणि त्याचा मदतनीस. ते एकदम का पळाले होते गं?"